जाताना सायकल, येताना गाडी

प्रिय शेंडेफळ,

शुक्रवारी फोनवर तू मला, स्वतःच्या आईला, जेलर म्हणालीस आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. कागदावर तुला मध्येच बोलता येणार नाही, एवढी तरी सोय.

बाबांनी तुला सांगितलं ते खरं आहे. सायकलला मी साखळी घातली. सायकल म्हणजे बाबांचे पाय, माणसाचे पाय कुणी बांधतं का, असं तू विचारलंस. वाक्य चांगलं आहे. वर्गात असतीस तर मी ते फळ्यावर लिहायला लावलं असतं. आता बाकीचं ऐक.

पंपघर खाली नदीकाठी आणि आपलं घर वर, मध्ये सतरा मैलांचा उतार. एकतीस वर्षं बाबा सकाळी सायकलने खाली गेले आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने वर आले, सायकल गार्डाच्या डब्यात टाकून. पंपावरचे सगळेच तसं करायचे. दिवसभर यंत्राशी झटल्यावर वर चढ कोण चढणार? जाताना सायकल, येताना गाडी. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं आहे की बाकी सगळं गेलं तरी हे जायला तयार नाही. मला ते मागच्या महिन्यात म्हणाले, 'बाई, तुम्ही कुणाकडे आलात?' पण त्या उतारावरचं एकेक वळण त्यांना पाठ आहे.

फोनवर ते तुझ्याशी दहा मिनिटं छान बोलतात, आणि तुला वाटतं वयाचा विसराळूपणा आहे. मीही तुला तसंच सांगत आले. तुझी नवी नोकरी, तुझं घर, उगाच जिवाला घोर नको म्हणून. ते चुकलं.

या वर्षात ते चार वेळा खाली गेले. ते रस्ता चुकत नाहीत, हे लक्षात घे. बरोबर पंपघराशी पोचतात. त्याला आता कुलूप आहे. ते बघून त्यांना वाटतं पाळी संपली, आणि ते शेजारच्या रेल्वेच्या थांब्यावर जाऊन बाकावर पॅसेंजरची वाट बघत बसतात. ती गाडी तिथे थांबायची बंद होऊन नऊ वर्षं झाली. समोरून धडधडत जाते. ते हात करतात, मग म्हणतात, आज नवा ड्रायव्हर दिसतोय.

थांब्याजवळचा फाटकवाला मला फोन करतो. मी दुपारच्या गाडीने पुढच्या स्टेशनावर उतरते, अडीच मैल मागे चालते, आणि मग आम्ही दोघं सायकल घेऊन पुन्हा अडीच मैल स्टेशनावर येतो. ती धरायची मला परवानगी नसते. पार्सलबाबू हॅन्डलला चिठ्ठी बांधायला सांगतो, तर बाबा त्याच्यावर डाफरतात की माझ्याकडे पास आहे, सायकल गार्डाकडे जाते. एकदा त्यांनी तो पास खरंच काढून दाखवला. पार्सलबाबू भला माणूस. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, 'काका, हा पास माझ्या लग्नाच्या आधीचा आहे. माझी बायकोसुद्धा इतकी टिकेल असं वाटत नाही.' बाबा मनापासून हसले. चिठ्ठी बांधू दिली. गाडीत मात्र दर स्टेशनाला उठून सायकल आहे ना बघायला निघाले. मी त्यांची बाही धरून बसले होते. घरी पोचल्यावर माझी बोटं सरळ होईनात.

गेल्या गुरुवारी ते बाकावर नव्हते. रूळ ओलांडून पलीकडे निघाले होते. फाटकवाल्याने धावत जाऊन दंडाला धरून मागे ओढलं आणि मागून एक्स्प्रेस गेली. मी पोचले तेव्हा तो त्यांना पाणी पाजत होता. मला एवढंच म्हणाला, 'बाई, आज मी होतो. सोमवारी माझी सुटी असते.'

तुला ठाऊक आहे, मी सहलीला मुली नेताना बसच्या ड्रायव्हरची झोप झाली का तेसुद्धा विचारून घ्यायची. इथे मी त्याच्या सुटीचा वार विचारला नव्हता.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. पहिल्या वेळी बाबा माझा डोळा चुकवून गेले. दुसऱ्या वेळीही. त्यानंतर मी साखळी आणली. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या वेळी साखळी घरात होती. ती मी काढून ठेवली. आदल्या दिवशी ब्रेकचे रबर बदलून घेतले, चाकांत हवा भरली, त्यांच्या खिशात माझा नंबर ठेवला, आणि सकाळी दार उघडं टाकून न्हायला गेले. ते गेल्याचं मी ऐकलं. मग केस वाळवले, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आणि पाठ टेकली. गुरुवारी फाटकवाल्याचा फोन अकराला आला. दुपारची गाडी मला मिळाली असती. मी कूस बदलली आणि त्याच्या नंतरची धरली. तीन तास झोपले, शेंडेफळ. इतकी गाढ झोप दोन वर्षांत लागली नव्हती. जेलर नव्हते मी. असते तर बरं झालं असतं. सायकल घरात असली तर मी पुन्हा साखळी काढेन, हे मला माहीत आहे, म्हणून ती घरात नको. आणि तू पंधरा दिवसांची रजा काढून ये. बाबांना बघायला म्हणून येऊ नकोस, मला झोपू द्यायला ये. पुढचं काय ते दोघी मिळून ठरवू.

तुझीच, रागावलीस तरी तुझीच,
आई

आज सकाळी पार्सल खात्यात स्वतः नेऊन दिलं: काळी सायकल एक, हॅन्डल वळवून गोणपाटात बांधलेली, दोन्ही चाकांतली हवा काढलेली. साखळी एक. किल्ल्या दोन, पाकिटात शिवून. पाठवणारी मी, घेणारी तू. पावती सोबत जोडली आहे.