वाफेचा दिवा आणि तुझे मेहुणे

प्रिय दादास,

धाकटीचा नमस्कार, वहिनीला एक जास्त, कारण तुला सांभाळायचं काम तिच्याकडे आहे.

"या माणसाच्या हातात पाना देऊ नकोस," असं तू माझ्या लग्नाच्या दिवशी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात मला बजावलं होतंस. तेव्हा राग आला होता. असो. तुझी कंबर कशी आहे? गॅरेजमध्ये अजून स्वतःच गाडीखाली सरकतोस ना? वहिनीचा खोकला थांबला असेल अशी आशा. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, म्हणजे गाडी सोडून, आणि गाडी ज्यांच्या ताब्यात आहे ते सोडून.

कारखाना बंद झाल्यापासून हे घरीच असतात, ते तुला ठाऊक आहेच. आधी नुसते खिडकीशी बसायचे. समोर चहा गार व्हायचा. काय झालं विचारलं की "काही नाही" म्हणायचे आणि तेवढं एक वाक्य दिवसभर पुरवायचे. मला भीती वाटायला लागली होती. मग देवाला दया आली, गाडीतला पिवळा दिवा लागला आणि गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली. हे ताडकन उठले.

टाकीतल्या पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात साठते आणि विजेवर उघडणारी एक झडप तिला जळायला इंजिनाकडे सोडते. (हे मी तुला शिकवतेय! पण हल्ली आमच्याकडे भाजीत मीठ का नाही, याचं उत्तरही याच वाक्याने सुरू होतं.) त्या झडपेच्या वायरीत दोष आहे, असं गाडीतल्या बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र म्हणालं. म्हणून यांनी टाकीचं झाकण बदललं. का, ते विचारू नकोस. झाकण हाताशी होतं. सासूबाई म्हणाल्या, "अरे, वाफच घालवायची तर झाकण उघडं ठेव की!" त्यावर त्यांना सविस्तर माहिती देण्यात आली आणि त्यांना छान झोप लागली.

मग नवी झडप आली. दिवा तसाच. मग शास्त्रशुद्ध शोध सुरू झाला. शास्त्र असं, की मी गाडीत बसायचं, "चावी!" अशी आरोळी आली की चावी फिरवायची आणि कुकरने कितीही शिट्ट्या मारल्या तरी उठायचं नाही. हे बॉनेटखाली वाकून झडपेच्या वायरीचा प्लग काढणार, मीटर लावणार, वीज येतेय म्हणून मान डोलावणार, प्लग परत बसवणार आणि यंत्राला विचारणार. यंत्र म्हणणार, वायर तुटली आहे. मग कोड पुसायचा, पुन्हा प्लग काढून खात्री करायची, पुन्हा विचारायचं. पुन्हा वायर तुटलेली. अख्खी वायर यांनी बोटांनी चाचपली. इतक्या मायेने माझा तापसुद्धा कधी बघितला नाही.

मागच्या आठवड्यात बॉनेटखालून अचानक आवाज येईना. मी डोकावले, तर हे प्लग हातात धरून उभे. "अगं," म्हणाले, "दोष मीच देतोय गाडीला." पहिल्याच दिवशी प्लगमधला हिरवा गंज त्यांनी पुसला होता. खरा दोष तेव्हाच गेला. पुढे दर वेळी चावी चालू असताना प्लग निघायचा, आणि वायर तुटली म्हणून गाडी इमानाने ओरडायची. एवढं सांगून हे तिथेच पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. दादा, किती महिन्यांनी हसले.

तुझी,
धाकटी

ता. क. गाडी परवा पास झाली. निघण्याआधी प्लग एकदा बघून घ्यावा, असं यांना वाटलं होतं. मी चावी पर्समधून काढलीच नाही.

ता. क. पुन्हा. आता गाडीला काही झालेलं नाही, हीच अडचण आहे. वर मी लिहिलंय ते सगळं खरं आहे, तरीही विचारते: तुझ्या गॅरेजमध्ये यांना घेशील? अर्धा दिवस चालेल. दोष न सापडणाऱ्या गाड्या दे, म्हणजे गाडीला आणि यांना, दोघांनाही घाई नसेल. तू नाही म्हणणार, मला माहीत आहे. फक्त ते फोनवर म्हणू नकोस. हल्ली फोन वाजला की कामाचा असेल म्हणून हे धावत जाऊन उचलतात.