मनातलं दुखणं

रुमैथिया, कुवेत

प्रिय संग्रामदादा,

तुझा मेसेज वाचला. 'कुवेतमध्ये राहून नशेच्या भानगडीत पडतेस? शोभतं का?' उत्तर फोनवर दिलं असतं तर तू माझं बोलणं मध्येच तोडलं असतंस, म्हणून हे पत्र.

भानगडीत पडून झालंय. गेल्या महिन्यात नवऱ्याला, आलोकला घेऊन मी युरोपात जाऊन आले. तिथल्या एका विद्यापीठात जुनाट वेदनेवर चाचणी चालू आहे. भ्रम निर्माण करणाऱ्या अळंब्यांमधलं औषध, मोजून दिलेलं, उशाशी दोन डॉक्टर. इथे त्याचा कणही जवळ सापडला तर तुरुंग. वीस वर्षं इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढलेल्या बाईला ते तू सांगू नकोस.

अपघाताला चार वर्षं झाली. तेव्हापासून डावा हात जळतोय. ओढणी घासली तरी जीव जातो. गोळ्या, इंजेक्शनं, सगळं झालं. आणि तू, स्वतः डॉक्टर असून, दर फोनला एकच म्हणालास, "प्रणू, दुखणं तुझ्या मनात आहे." बरं, मनात तर मनात! मग मनावर इलाज केला तर एवढा का चिडतोस?

त्या दिवशी डोळ्यांवर पट्टी बांधून सहा तास पडले होते. रंगबिंग फारसे दिसले नाहीत. अपघात झाला तो एगैलाचा सिग्नल दिसला, फुटलेल्या काचा दिसल्या. मी मोठमोठ्यानं रडले, म्हणे. त्यानंतर रोज काही तास हात शांत असतो. टिकेल का, हे डॉक्टरांनाही माहीत नाही. पण काल मी दोन्ही हातांनी कणीक मळली. आलोक बघतच राहिला.

दादा, तू इथे होतास तेव्हा त्या सिग्नलवर गाडी तूच चालवत होतास. नजर फोनवर होती. दुसऱ्यानं कट मारला, असं मीच सगळ्यांना सांगितलं, आईलासुद्धा. परवा आलोकला खरं सांगून टाकलं. यापुढे मी खोटं बोलणार नाही. दुखणं माझ्या मनातलं ठरलं की तुझा दोष उरत नाही, हेही मला आता कळलंय. दुसरी मात्रा जानेवारीत, त्याच विद्यापीठात आहे. दिवसभर जवळचं माणूस सोबत लागतं. मी तुझं नाव दिलंय. दवाखाना आठवडाभर बंद ठेव आणि ये. विचारत नाहीये, सांगतेय.

तुझीच, अजून तुझीच,
प्रणिता