डावा खांदा

बेंगळुरू, ४ नोव्हेंबर २००१

ती. गंगाअक्कास,

धाकट्या फकीरेशचे शरणु. सहा महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील, तर पुढे वाच.

मला काम लागलंय. टीव्हीच्या मालिकेत मी मरतो. हसू नकोस. दर गुरुवारी त्यांना एक मेलेला लागतो आणि न हलता पडून राहणारा माणूस मिळत नव्हता. चौथीत मास्तर माझा पाय बाकाला बांधून ठेवायचे. तोच मी आता न हलण्याचा पगार घेतो.

मालिका अशी आहे. एक पानवाली. मेलेल्याच्या तोंडात ती विडा ठेवते आणि विडा चघळून होईपर्यंत तो जिवंत होऊन बोलतो. तेवढ्यात त्याने मारेकऱ्याचं नाव सांगायचं. पण मेलेली माणसं मुद्द्याचं बोलतात कुठे? एकाने चुलीवरच्या दुधाचीच चौकशी केली, एकीने जावेकडे राहिलेल्या पातेल्याची. नाव ओठावर येतं तोवर विडा संपतो, मग उरलेलं बाईने डोक्याने शोधायचं. लोक वेडे झालेत या मालिकेपायी.

पंधरा तारखेला गुरुवारी संध्याकाळी साडेसातला शेजारच्या चन्नव्वाकडे जाऊन बघ. विहिरीजवळ पडलेला तो मी. अप्पांना सांगू नकोस.

आपल्या बसचा कंडक्टर भेटला होता. तुझं लग्न माघात ठरलं म्हणाला. अक्का, मी येऊ का? मांडवात भाऊ म्हणून तुझ्यामागे मला उभं राहायचंय. चार वर्षं झाली. अप्पांना एकदा विचारून बघ.

तुझा राग सोसून तुझाच राहिलेला,
फकीरेश

होसगट्टी, २० नोव्हेंबर २००१

चि. फकीरेश यास अक्काचे आशीर्वाद.

तम्मा, तुझं मरण साऱ्या गल्लीने बघितलं. तू पडलेला दिसताच चन्नव्वाच्या सासूने ऊर बडवायला सुरुवात केली. ही मालिका आहे असं तिला समजावतोय तोवर तू उठून बसलास आणि कोंबड्या झाकल्या का म्हणून विचारलंस. म्हातारी रडता रडता म्हणाली, झाकल्या रे बाबा. दुसऱ्या दिवशी तिने तुझ्या नावाने देवळात नारळ वाढवला.

पण गावाला एक गोष्ट खटकली. तुला आडवा का टाकला होता? आपल्या लिंगायतांत मेलेल्याला बसवतात, मांडी घालून, डाव्या तळव्यात गळ्यातलं लिंग ठेवून. ओंडक्यासारखा कोण निजवतो? कट्ट्यावर चार दिवस हीच चर्चा. अप्पांच्या कानावर जायची ती गेलीच. साऱ्या गावाच्या मेलेल्यांना बसवणारा माणूस तो. लाकडावरचा रंधा न थांबवता म्हणाले, की स्वतःच्या आईला बसवायच्या वेळी जो पळाला, त्याला मेलेला कसा बसतो ते काय ठाऊक असणार.

लग्नाचं मी विचारलं. माझ्यामागे काकांचा वीरेश उभा राहील म्हणाले. मी पुन्हा विचारलं, तर जेवणावरून उठून गेले. आता तिसऱ्यांदा विचारायचं मला धाडस होत नाही.

तू पाठवलेली साडी मिळाली. रंग भडक आहे, पण मी तीच नेसणार. अंगावर काढू नकोस, खोकला असेल तर मिरीचा काढा घे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
गंगाअक्का

बेंगळुरू, १६ डिसेंबर २००१

ती. अक्कास,

शरणु. तुझं पत्र खिशात घालून आठवडाभर हिंडलो. अप्पा बोलले ते खरं आहे. तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो.

अव्वा गेली त्या दिवशी अप्पांनी मला तिचा डावा खांदा धरायला सांगितलं. उजवीकडून ते दोरी ओढून गाठ मारणार होते. मी धरला. आंघोळ घालून नवं लुगडं नेसवलं होतं, तरी तिच्या बोटांना लसणाचा वास होता. मला वाटलं, आता ही विचारणार, जेवलास का. दोरी आणतो म्हणून बाहेर पडलो तो थेट बसमध्ये बसलो. दोरी तर अप्पांच्या हातातच होती.

तर ऐक. परवा एका गावच्या मठातल्या माणसाच्या भागाचं शूटिंग होतं. मला पुन्हा आडवा करायला लागले. मी आमच्या दिग्दर्शकांना, सोमशेखर सरांना म्हटलं, सर, आमच्यातले मेलेले बसतात. ते म्हणाले, बसलेला माणूस मेल्यासारखा दिसणार कसा? मी म्हटलं, एकदा बघा तर. मग दिवेवाल्या दोघांना हाताशी धरून शिकवलं. भिंतीला खुंटी, काखेतून दोरी, गाठ पाठीमागे, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, सारं अप्पांचं बघून पाठ झालेलं. हातात मात्र लिंग घेतलं नाही. चिंचोका कापडात गुंडाळून घेतला. खोट्या मरणात ते बरं दिसलं नसतं.

बसलो. चहावाल्याने चपला काढल्या. सर म्हणाले, असंच राहू दे. दोन तास बसलो अक्का, नाकावर माशी फिरत होती तरी हललो नाही. उठल्यावर मी बैलाची चौकशी करायची असं लिहिलं होतं. मी सरांकडून दुसरंच वाक्य मागून घेतलं. ते टीव्हीवरच ऐक.

दहा जानेवारीला गुरुवारी दाखवणार आहेत. काहीही कर, पण त्या दिवशी अप्पांना टीव्हीपुढे बसव. एवढं केलंस तर पुढे काहीच मागणार नाही.

तुझ्या जिवावर उड्या मारणारा,
फकीरेश

होसगट्टी, १२ जानेवारी २००२

चि. फकीरेश यास आशीर्वाद.

चन्नव्वाने मुद्दाम टीव्हीच्या घडवंचीचा खिळा उपसला आणि घडवंची डुगडुगते म्हणून अप्पांना निरोप धाडला. अप्पा हातोडी घेऊन आले. खिळा ठोकून होतो न होतो तोच मालिका सुरू झाली. म्हातारीने त्यांना चहा दिला आणि तो इतका गरम दिला की उठता येईना.

तू बसलेला दिसलास आणि अप्पा उठलेच. मला वाटलं, निघाले. पण ते टीव्हीपाशी गेले आणि नाक काचेला लागेपर्यंत वाकले. मागच्या कुणालाच काही दिसेना. बाईने विडा ठेवला. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, पोरगा जेवला का. या वेळी म्हातारीने अप्पांकडे बघितलं. विडा संपेपर्यंत अप्पा तसेच वाकलेले होते. मग म्हणाले, "गाठ बरोबर आहे. डावा खांदा सैल राहिलाय."

अप्पा आणि मी घरी आलो. दाराशी आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिचाही डावाच सैल राहिला होता. लिंग दोनदा तळव्यातून घसरलं. हे एकट्याचं काम नाही गं, दोघं लागतात."

मी चूल पेटवत होते, तर आत येऊन म्हणाले, की वीरेशला फार वेळ उभं राहवत नाही, त्याचे गुडघे दुखतात. मी म्हटलं, अप्पा, तो वीस वर्षांचा आहे. ते म्हणाले, आजकालच्या वीस वर्षांच्या पोरांचं काही सांगू नकोस. आणि मग विचारलं, बेंगळुरूची बस हल्ली किती वाजता येते.

हातोडी अजून चन्नव्वाकडेच राहिली आहे. मी आणायला गेले नाही, पुढच्या गुरुवारी ते स्वतःच जातील.

आता पत्र लिहीत बसू नकोस,
गंगाअक्का

बेंगळुरू, १७ जानेवारी २००२

ती. अप्पांच्या चरणी,

फकीरेशचे साष्टांग शरणु. तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र. चुका असतील, मास्तरांचा दोष नाही, मी बाकावर टिकलोच कधी.

अप्पा, इथे लोक मला गुणी म्हणतात. गुण कसला, तुमच्या मागे उभं राहून जे बघितलं तेवढंच माझ्याजवळ आहे. त्यावरच जेवतो. हे सांगायला चार वर्षं लागली. अक्काने मधे पडून दोघांचं ऐकून घेतलं, तिचेही उपकार फिटायचे नाहीत.

सरांनी महिन्याभराची सुट्टी दिली. तोवर दुसरा कुणी मरेल म्हणाले. मी सत्तावीस तारखेला सकाळच्या बसने येतो.

मांडवाचे बांबू तोवर उभे करू नका. गाठी तुम्ही मारा. डावीकडून मी धरतो. या वेळी दोरी आणायला जाणार नाही.

तुमच्या हाताखालचा,
फकीरेश