चाकामागचा पोचा

नॉरहाइम, नॉर्थ डकोटा
३१ ऑगस्ट १९८६

चि. मारितला बाबाचे आशीर्वाद, तेही तेलकट हातांचे. कागदावर डाग दिसले तर नाक मुरडू नकोस, नर्सबाई.

मी जेवतो, झोपतो. शेजारची ग्लॅडिस दर बुधवारी बटाट्याचं हॉटडिश आणून ठेवते, त्यामुळे उपाशी मरायची सोय नाही. गहू निघाला, यंदा बरा आहे.

बातमी म्हणजे तुझ्या भावाचा दगड तयार होतोय. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात न्या म्हणाले. जमीन गोठायच्या आत तो थडग्यावर बसायला हवा. दगडवाला म्हणाला, आमची गाडी आणून टाकेल. मी म्हटलं, माझ्या पोराचा दगड माझ्या गाडीतून येईल. पण आपल्या पिकअपचा हौदा तुला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी एरलिंगने डावी बाजू वाकवली ती तशीच आहे. मागचा फाळका लागत नाही, आणि उघड्या फाळक्याने निघालो तर दगड हमरस्त्यावरच उतरायचा. म्हणून दुरुस्ती घरीच काढली आहे. गॅरेजवाला म्हणतो, नवा हौदा बसवा. त्याच्या बापाचं काय जातंय.

काम खरं तर दोघांचं. एकाने एका अंगाने लाकडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने दुसऱ्या अंगाने हातोडा मारायचा. पूर्वी ठोकळा एरलिंग धरायचा. आता मी तो गुडघ्याने रेटतो आणि हातोडा बरोब्बर गुडघ्यावर बसतो.

सगळं सरळ करणार, फक्त चाकामागे तळहाताएवढा पोचा आहे तेवढा ठेवणार. त्याची अडचण होत नाही. त्या दिवशी मी त्याला दारुडा म्हणालो, पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणालो, आणि पोराने सहा वर्षं माझं ऐकलं. एरवी कधी ऐकलं नव्हतं. मार्चमध्ये तेलविहिरीवरून आला तो पेटीतूनच. त्याच्या हातची या घरात तेवढी एक खूण आहे. राहू दे.

लोभ आहे हे काय सांगायचं, पत्र तेवढं टाकत जा.
तुझा बाबा, हॅलवर


डुलुथ
७ सप्टेंबर

ती. बाबांना सा. न. आणि गुडघ्याला वेगळी चौकशी.

गुडघ्यावर बर्फ लावा. लावणार नाही हे मला माहीत आहे, पण लिहिणं माझं काम. इथे सरोवरावरून आतापासूनच वारा सुटलाय. वॉर्डात एक आजोबा आहेत, अगदी तुमच्यासारखे. औषध दिलं की म्हणतात, आधी तू घे.

बाबा, तो हौदा राहू द्या ना. दगडवाल्यांच्या गाडीतून आला तरी दगड एरलिंगचाच असेल. साठी उलटल्यावर एकट्याने पत्रा ठोकत बसायचं हे काय वेड. चाकामागच्या पोच्याचं लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यावर काही लिहायला घेतलं होतं, तेवढ्यात ड्यूटीची वेळ झाली. पुढच्या वेळी लिहीन.

आहे तो लोभ तसाच ठेवा.
तुमची मारित


नॉरहाइम
१४ सप्टेंबर

चि. मारितला आशीर्वाद. बर्फ लावला नाही.

हौदा राहू दे म्हणतेस, पण आता निम्मं काम झालंय. विहिरीजवळच्या झाडाला साखळी बांधली, दुसरं टोक हौद्याच्या काठाला, आणि चेनकप्पीने रोज थोडं थोडं ओढतो. एकदम ओढलं तर पत्रा फाटतो. ओढायचं, तसंच ताणून ठेवायचं, सकाळी येऊन पुन्हा बघायचं. काल फाळका पहिल्यांदा लागला. मी एकटाच हसलो.

पण एक गोष्ट कळेना. गाडी मागे घेताना धान्याच्या कोठीवर आपटली, असं एरलिंग म्हणाला होता. मग मागचा कोपरा धड कसा? मागचा दिवासुद्धा जुनाच आहे. हा काठ वरून दबलाय, कुणी बैल वर बसवल्यासारखा. आणि पत्र्याच्या घडीत काय सापडावं? वाळलेलं गवत आणि गठ्ठ्याची सुतळी. सहा वर्षं रागाने मी त्या बाजूला नीट बघितलंच नव्हतं.

तू त्या दिवशी घरी होतीस. तुला काही आठवतं का?

पत्राची वाट बघतो.
बाबा


डुलुथ
१९ सप्टेंबर

ती. बाबांना नमस्कार.

आठवतं. सगळं आठवतं.

तो हौदा मी वाकवला. मी नर्सिंगला जायला चार दिवस होते. ट्रॅक्टरला हात लावायचा नाही असं तुम्ही बजावलं होतंत. तुम्ही गावात गेलात आणि मी एरलिंगच्या मागे लागले, मला एकदा तरी ट्रॅक्टरने गवताचा गठ्ठा चढवू दे. तो पिकअपमध्ये बसला होता. मी गठ्ठा फार वर उचलला. अर्ध्या टनाचा तो गठ्ठा ट्रॅक्टरच्या पुढच्या सुळ्यांवरून घरंगळला, हौद्याच्या काठावर पडला आणि खाली जाताना चाकामागे आदळला. दोन हात पुढे पडला असता तर एरलिंग त्याच दिवशी गेला असता.

खाली उतरून तो आधी हसला. मग म्हणाला, बाबांना कळलं तर ते तुला घरीच बसवतील. माझ्यावर ते रोज चिडतात, आज थोडं जास्त चिडतील. नाताळला आलीस की खरं सांगून टाक. कापणी संपली म्हणून त्याने एक बियर प्यायली होती, बाबा. एकच.

नाताळला मी आले. त्याचं नाव घरात काढायचं नाही असं तुम्ही सांगितलं, आणि मी भ्याले. पुढच्या वर्षी आणखी भ्याले. माझ्या वाढदिवसाला त्याचा फोन यायचा. एकदाच त्याने विचारलं, सांगितलंस का. मी म्हटलं, सांगते. परत त्याने कधी विचारलं नाही.

लोभ असावा असं कोणत्या तोंडाने लिहू?
मारित


डुलुथ
५ ऑक्टोबर

ती. बाबांना नमस्कार.

दोन आठवडे झाले. फोन वाजतो, तुम्ही उचलत नाही. ग्लॅडिसकाकूंना विचारलं तर म्हणाल्या, ठीक आहे, शेडमध्ये असतो, हॉटडिश परत पाठवतो. मला शिव्या द्या, पण लिहा.

मारित


नॉरहाइम
१२ ऑक्टोबर

चि. मारित,

आशीर्वाद लिहायला चार वेळा पेन उचललं आणि ठेवलं. आज लिहितोय, आशीर्वाद.

तुझं पत्र मी रस्त्यावरच्या टपालपेटीपाशी उभ्यानेच वाचलं. आधी वाटलं, तुलाही तेच लिहावं, पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणून. लिहिलंही होतं. मग ते स्टोव्हमध्ये टाकलं. एकदा ते वाक्य बोलून मी काय मिळवलं ते मला माहीत आहे.

तू सहा वर्षं सांगितलं नाहीस. मी सहा वर्षं विचारलं नाही. गाडीच्या डाव्या अंगाला जाऊन एकदा वाकून बघितलं असतं तरी कळलं असतं. पत्र्यातलं मला बघता क्षणी कळतं म्हणून गाव माझ्याकडे येतं.

मंगळवारी दगड आणला. फाळका नीट लागला. ताशी वीस मैलांनी आलो, मागच्यांनी हॉर्न वाजवून घेतले. ग्लॅडिसच्या मुलांनी उतरवायला हात लावला. ते गेल्यावर मी एरलिंगला म्हटलं, ते तू केलं नव्हतंस, मला कळलं. दगड चांगला झालाय. नाव बरोबर आहे.

चाकामागचा पोचा मी ठेवला होता. शेडमध्ये येताजाता त्याला हात लावायची सवय झाली होती. पोराचा म्हणून महिनाभर कुरवाळला, आणि तो तुझा निघाला. एरलिंगने या गाडीचं काहीच बिघडवलं नव्हतं. त्याच्या हातचं माझ्याकडे आता काही उरलं नाही, मारित.

माफ केलं असं लिहवत नाही. स्वतःलाही लिहवत नाही. लोभ असावा कोणत्या तोंडाने लिहू, म्हणतेस. नको लिहूस, तो आहे. आपण दोघंच उरलो आहोत.

थँक्सगिव्हिंगला ये. जुने कपडे आण. तो पोचा काढायचाय आणि तो एकट्याने निघत नाही. ठोकळा तू धर. हातोडा मी जपून मारीन.

बाबा