पंचावन्न इंच काळोख

प्रिय दादूस,

तू आत घोरतोयस आणि मी किचनच्या ओट्याशी उभा राहून हे लिहितोय. बसलो की पाय हलत राहतात. वहिनी माईला घेऊन कात्रपला मावशीकडे गेलीय, म्हणजे घरात आपण दोघंच. दीड वाजलाय. तू साडेचारला उठशील, चहा पिशील, दाराजवळच्या खिळ्यावरची चावी घेशील आणि कंपनीची बस काढायला खाली जाशील. त्याच्या आत मला हे संपवायचंय. दहावीनंतर एवढं लांब काही लिहिलं नाही, आणि दहावीचं काय झालं ते तुला माहीतच आहे, तेव्हा चुका काढू नकोस. तोंडावर बोललो असतो, पण मी तोंडावर काही बोललो की तू टपली मारतोस, मग मी पण हसतो आणि विषय तिथेच मरतो. हा विषय मरायला नको. रविवारपासून मला भीती वाटतेय, दादूस. डोळ्यांची भीती. सुरुवात टीव्हीपासून झाली म्हणून टीव्हीपासूनच सांगतो.

पंधरा दिवसांपूर्वी तू वहिनीबरोबर उल्हासनगरच्या त्या टीव्हीच्या दुकानात जाऊन आलास. तुमचं जमलं नाही. तू बोललास साधा एलईडी घे, ती बोलली तो दुसरा भारीवाला घेऊ, आणि शेवटी तू बोललास चेतनला घेऊन जा, तो रिकामाच आहे. रिकामा तर आहेच. तर रविवारी आम्ही गेलो. रिक्षात वहिनी सगळा वेळ आपल्या हॉलच्या भिंतीबद्दल बोलत होती, एवढी मोठी भिंत आणि तिच्यावर तो बत्तीस इंची डबा, म्हशीच्या कपाळावर टिकली लावल्यासारखा. मी हो हो करत होतो, पण लक्ष फर्निचर बाजारातल्या एका खुर्चीकडे होतं. काय खुर्ची होती यार, दांडा ओढला की पूर्ण मागे झोपते. एक सिंधी काका तीत झोपलाच होता, दुकानदार त्याला उठवत होता, साईं उठो, ग्राहक खडे हैं. कुठे गेलो मी. हां, टीव्ही.

दुकानातला तो करण आठवतो ना तुला, माझ्याच वयाचा, तोंड बंद न करणारा. त्याने आम्हाला पण सगळं समजावलं. एलईडीमध्ये मागे दिवे असतात, ते पेटलेलेच, पुढे नुसता पडदा. म्हणून त्यातला काळा रंग पूर्ण काळा होत नाही, धुरकट राहतो. ओलेडमध्ये एकेक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो. काळा म्हणजे बंद, भाऊ, पूर्ण बंद, असं त्याने दोनदा सांगितलं. मग विचारलं हॉलमध्ये ऊन येतं का. वहिनी बोलली दुपारी थेट भिंतीवर येतं. तर बोलला उन्हात एलईडी चांगला दिसेल, पण संध्याकाळी पडदे लावून पिक्चर बघायचा तर ओलेडच. माई दिवसभर एकच बातम्यांचं चॅनल लावते हे ऐकल्यावर मात्र तो जरा नरमला. खालची पट्टी तशीच रोज राहिली तर ओलेडवर तिचा डाग उमटू शकतो बोलला. वहिनी बोलली, काही नाही, सासूबाईंना आपण सिरियलची सवय लावू. एवढं तिचं मन बसलं होतं त्याच्यावर.

मग त्याने आम्हाला मागच्या काळ्या पडद्याच्या खोलीत नेलं. तू पण गेलास ना तिथे? पंचावन्न इंचाचे दोन टीव्ही शेजारी शेजारी, दोन्हीवर एकच व्हिडिओ. नदी, संध्याकाळ उलटून गेलेली, एक होडी, होडीवर कंदील. डावीकडच्या एलईडीत मला होडी दिसत होती, होडीतला म्हातारा दिसत होता. उजवीकडच्या ओलेडमध्ये फक्त कंदील. बाकी काही नाही. कंदील हवेत लटकलेला आणि त्याच्या चारी बाजूंनी विहिरीसारखं काळं. मी बोललो, ह्याचा पडदा गेलाय. करण हसला, भाऊ, हेच तर ओलेड. वहिनी माझ्या बाजूला उभी, ती बोलली, अहो भाऊजी, बघा तरी, म्हाताऱ्याच्या कानातला डूल पण चमकतोय ह्याच्यात, मागे झाडं दिसतायत. मला वाटलं ती माझी खेचतेय. मी पुढे गेलो, पडद्याला नाक लावायचं बाकी ठेवलं. म्हातारा नव्हताच. मग माझं डोकं फिरलं, मी आवाज चढवला, गिऱ्हाईकाला येडा समजता काय, बंद पडलेला माल भारी म्हणून विकता. बाहेरून मालक आला, तो पडद्याकडे बघून मग माझ्याकडे बघत राहिला. एक मावशी मिक्सर घ्यायला आलेली, ती बोलली, बेटा, पहले चश्मा बनवा ले. सगळे हसले. वहिनी सगळ्यात जास्त हसली आणि करणला बोलली, ह्यांच्या घराण्यातच आहे, ह्यांचे मोठे भाऊ पण इथेच उभे राहून हेच बोलले होते, पडदा खराब आहे म्हणून.

तेव्हा मला बरं वाटलं, खोटं नाही बोलत. वाटलं, बघ, आयुष्यात पहिल्यांदा दादूसचं आणि माझं एका गोष्टीवर जमलं. पण त्या खोलीतून बाहेर पडताना मी दारातल्या खोक्यावर आपटलो. एवढं फ्रिजचं खोकं. माझ्यामागून आलेली वहिनी त्याला वळसा घालून आली. पायाला काय लागलं नाही. दुकानात पाच-सहा माणसं होती. सगळ्यांना तो म्हातारा दिसला. दिसला नाही तो फक्त मला आणि तुला.

सोमवारी मी माईला विचारलं. आधी बारकूमामाचा विषय काढला. आठवतं, आपण मामाला किती हसायचो? बारवी धरणाच्या अंगाला त्याच्या गावात कुणाची हळद असली की दिवेलागणीला मामा हमखास कुठल्यातरी टोपात पाय घालायचा, भाताच्या पातेल्यावर पडायचा, बायका पदर तोंडाला लावून बोलायच्या, आला टाईट होऊन. तू त्याच्या चालण्याची नक्कल करायचास. मी बोललो, माई, मामा एवढा प्यायचा, म्हणून शेवटी डोळे गेले का त्याचे? माई तांदूळ निवडत होती. बोलली, बारक्यानी उभ्या जन्मात दारूला हात नाय लावला रं. त्याला दिसायचा नाय. दिवस मावळला का त्याला दिसायचा नाय. आंधळा बोलशील तर कामाला कोन ठेवील, पोरगी कोन देईल, म्हनून बेवडा बोलवून घेतला त्यानी सोताला. मी विचारलं तुला कधी कळलं. ती बोलली, पयल्यापासून. मग विचारलं हे पुढे कुणाला होतं. त्यावर तिने ताट उचललं आणि आत गेली. मी दारात उभा राहिलो. पाठ फिरवूनच बोलली, बायांना नाय होत. आयशीकडून पोरांना येतो, डाक्टर बोललावता.

आपल्या घरात चार वाजल्यापासून सगळ्या ट्यूबा चालू असायच्या, संडासातली पण. बाबा ओरडायचे, मीटर पळतंय म्हणून. आपण समजायचो माईला काळोखाची भीती वाटते. दादूस, ती काळोखाला नव्हती घाबरत. ती आपल्याला बघत होती.

मग मला माझं एकेक आठवायला लागलं. तुम्ही सगळे बोलता चेतनच्या पायाला भिंगरी आहे, कुठे टिकत नाही. मी पण तेच बोलतो, ऐकायला बरं वाटतं. गोव्याचा मालक हलकट होता म्हणून सोडलं, असं सांगितलं होतं ना तुला? मालक चांगला होता. समुद्राकाठी टेबलं, त्यावर मेणबत्त्या, तेवढाच उजेड. मी माशाचं ताट एका बाईच्या मांडीवर ठेवलं. टेबल समजून. दुसऱ्या दिवशी पळालो. सिल्वासाच्या गोदामात सेकंड शिफ्ट लागली आणि आठवड्यात सोडली, बोललो उंदीर फार आहेत. तेव्हा मला खरंच वाटायचं की उंदरांमुळेच सोडली. आता वाटतं, मी गावं नाही बदलली, संध्याकाळ झाली की नुसता पळत होतो.

हे सगळं माझं झालं. माझं काय, मी कुठे पण आपटलो तर मीच पडणार. पण मंगळवारी मी तुझ्या बसमध्ये बसलो. तुला वाटलं फिरायला आलोय, मोरिवलीचा वडापाव खायला. मी मुद्दाम आलो होतो. डिसेंबरात सहालाच दिवस बुडतो. कंपनीच्या गेटातून बत्तीस माणसं चढली, मी मोजली, आणि तुझ्या बाजूच्या सीटवर नेहमीसारखा कंपनीतला आनंदा बसला. तू त्याला रेडिओ बोलतोस. मी पण हसायचो त्याला. डावीकडे सायकलवाला बघा मालक, पुढे गाय बसलीय, आता स्पीडब्रेकर, ह्या टेम्पोला लाइटच नाय, सांभाळून. बोलतोच बोलतो, आणि मागची माणसं बोलतात, आनंदा, साल्या, दोन रुपयाची जाहिरात तरी लाव मध्ये. मी त्या दिवशी आनंदाकडे नाही, तुझ्याकडे बघत होतो. तू मान वळवत नव्हतास. तो बोलेपर्यंत तू थांबायचास, तो बोलला की स्टेअरिंग फिरायचं.

चिखलोलीच्या अलीकडे त्याला बायकोचा फोन आला. तो बोलायचा थांबला. बस हळू झाली. मग आणखी हळू. मागे कुणीतरी विचारलं, ट्रॅफिक आहे काय. ट्रॅफिक नव्हता, दादूस. एक पण गाडी नव्हती पुढे. तू दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बैलगाडीच्या चालीने बस नेत होतास आणि एवढ्या थंडीत तुझी मान घामाने भिजली होती. आनंदाने फोन ठेवला, बोलला, चला मालक, रस्ता मोकळा, आणि तू गिअर टाकलास. तुला माहीत आहे. दुकानात त्या पडद्यासमोर उभा राहिलास तेव्हाच नाही, त्याच्या किती आधीपासून माहीत आहे, देव जाणे. मामाने बेवडा बोलवून घेतलं, तू आनंदाला रेडिओ केलंस.

तू वाईट आहेस असं मी बोलत नाहीये. लायसन गेलं तर काय, घर कसं चालायचं, वहिनीला काय सांगायचं, हे सगळं तुझ्या डोक्यात फिरत असणार. मी तर डॉक्टरच्या गेटापर्यंत दोनदा जाऊन परत आलो. एकदा समोरच्या टपरीवर तीन चहा प्यायलो आणि घरी आलो. कदाचित आपलं दोघांचं काही नसेलच, नुसता नंबर निघेल, ती मिक्सरवाली मावशी खरी ठरेल. मी रोज तेच बोलतो मनात. आणि मग डोळे मिटून उघडतो आणि बाजूचं काय काय दिसतं ते मोजतो.

आता हे आजच का, ते सांगतो. मंगळवारी बदलापूरला उतरताना आनंदा तुला बोलला, मालक, गुरुवारपासून चार दिवस गावाला चाललो, भाचीचं लग्न. तू बोललास, जा जा, मजा कर. पण तुझा हात गिअरवरच राहिला, सगळी माणसं उतरली तरी. काल दिवसभर मी वाट बघितली, तू सुट्टी टाकशील, कायतरी कारण काढशील. तू नाही काढलंस. आज गुरुवार आहे. म्हणून हे पत्र तुला खिळ्यावर मिळालं, चावीच्या जागी. चावी माझ्या खिशात आहे. बसच्या मालकाला, चंदूशेठला, मी रात्रीच फोन करून सांगितलंय की दिपेशला ताप आहे, बदली ड्रायव्हर पाठव, तो पाचला येतोय. काल सकाळी डोळ्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खिडकीवरून दोन केसपेपर पण काढले, एक तुझ्या नावाचा, एक माझ्या, आज संध्याकाळी सहाची वेळ आहे. एकट्याने आत जायची माझ्यात हिंमत नाही, हे खरं कारण, हवं तर हेच एक कारण समज. टीव्ही कुठला घ्यायचा ते वहिनीला ठरवू दे, तिला म्हातारा दिसतो. मी खाली बसमध्ये आहे, आनंदाच्या सीटवर. शिव्या द्यायच्या तर तिथे येऊन दे, हात उचलायचा तर तो पण उचल, पण ये. आणि दुसऱ्या मजल्यावरची जिन्यातली ट्यूब गेलीय, दिवसा पण तिथे काही दिसत नाही. कठडा धरून उतर. मी पण आता तसाच उतरणार आहे.

तुझाच,
चेतन