बाबांशी ओरडून बोलू नकोस
फिलाडेल्फिया

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे. इथल्या कापडगिरण्यांचा इतिहास लिहिण्यासाठी म्हाताऱ्या विणकर बायकांना भेटते आहे. यंत्रमागांच्या खडखडाटात त्या नुसते ओठ हलवून गप्पा मारायच्या. मी तसं करून पाहताना आवाज चढवला, तर त्यांच्यातली विनीमावशी म्हणाली, "बये, ओरडतेस कशाला? ओरडलं की तोंड वाकडं होतं, मग ओठ वाचायचे कसे?"

बाबाही जन्मभर मागावरच होते. कान गेल्यापासून आपण त्यांच्याशी ओरडूनच बोलतो. म्हणूनच ते गप्प झाले असतील का? आज जेवताना समोर बस आणि आवाज न करता विचार, "आणखी सूप हवंय?"

नाताळात मी आले की बाबा आणि मी अशाच गप्पा मारू. तुला काही ऐकू आलं नाही, तर रागावू नकोस.

तुझीच,
मेबल