बिनखोट खुर्ची

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून मी मुलुंडच्या फर्निचर कारखान्यात डिझाइनप्रमुख! पदवीला तीन वर्षं झाली, एकदाची कोणाला तरी माझी किंमत कळली. कारखाना म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. पोटमाळ्यावर मला राहायला खोली दिली आहे, रोज जोगेश्वरीहून येण्यापेक्षा बरं. मालकीण श्रुतिका मॅडम पाडलेल्या चाळींचे दरवाजे आणून त्यांची कपाटं करतात आणि त्यांना 'पर्यावरणस्नेही' म्हणतात. माझी आजी फाटक्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची, तिला कोणी असं मोठं नाव दिलं नाही. जुन्या फर्निचरच्या हुबेहूब नकला करणं हा दुसरा धंदा. तो आता माझ्याकडे.

कारागीर सहा. म्होरक्या अंबादास मिस्त्री, साठीचा, टेप खिशात आणि भरवसा वितेवर. कामाची वेळ नऊची, मंडळी उगवतात साडेनऊला, आल्या आल्या चहा. अंगठ्याच्या हजेरीचं यंत्र बसवतो, मग बघू.

आईला फोन केला. म्हणाली, रोज चार ओळी लिहीत जा, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. म्हणून ही वही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
यंत्र बसलं. सगळे नऊच्या ठोक्याला हजर.

घाटकोपरच्या दोघा भावांनी आजोबांच्या एका आरामखुर्चीवरून भांडण मांडलंय. तोडगा असा, की तशीच दुसरी करायची. धन्य ते नातू! अंबादासनं काम झकास केलं, तेवढं मान्य. पण खुर्ची उलटी करून पाहिली तर मागच्या पायाला एक वाकडी खाच, पटाशीनं मुद्दाम मारलेली. विचारलं तर म्हणाला, साहेब, नकलेत आपल्या हातची एक चूक ठेवायची असते. बिनखोट वस्तू खोट शोधते, पहिला जो बसेल त्याची घेते. वडिलांनी शिकवलं म्हणे. वडिलांनी वेळेवर यायला शिकवलं असतं तर उपकार झाले असते.

खाच मी भुसा आणि सरस भरून बुजवली, घासली, वर पॉलिश मारलं. मग ऐटीत बसून फोटो काढून घेतला. अंबादास पटाशी ठेवून बाहेर गेला. म्हातारा चळलाय.

१२ फेब्रुवारी, बुधवार
दाढी करताना पाहिलं, हनुवटीवरचा व्रण गेलाय. लहानपणी लेण्यांच्या पायऱ्यांवर आपटलो होतो, चार टाके पडले होते. गर्दीत मी तुला त्या व्रणावरून शोधते, असं आई सांगते. गेला ते बरंच झालं. चष्माही लागेनासा झालाय. मुलुंडची हवा मानवली.

खुर्चीच्या हातावर मात्र आडवी चीर पडली आहे, तिच्यावर चार बारीक रेघा. कोणीतरी हत्यार पाडलं असणार. या लोकांच्या हाताला वळणच नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
यंत्र माझा अंगठा घेत नाही. दहाही बोटं लावून पाहिली. यंत्र मी निवडलेलं, म्हणजे बिघाड शक्य नाही. उजेडात हात धरला. बोटांवर रेषाच नाहीत, एकही नाही. कारागीर हसले. मीच बसवलेल्या यंत्रापुढे मी गैरहजर.

खुर्चीच्या हातावर, अंगठा टेकतो तिथे, बारीक गोल रेषा आल्यात. सागाला असतात अशा रेषा.

नसतात. मला माहीत आहे, नसतात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
मॅडमनी दोनदा विचारलं, आपण कोण? खुर्ची मात्र त्यांना फार आवडली, जिवंत वाटते म्हणाल्या. सोमवारी गिऱ्हाईक नेणार.

पटाशी घेऊन मीच खाच मारायला गेलो. पटाशी घसरते. लाकडावर ओरखडाही नाही. शेवटी अंबादासपुढे हात जोडले. मी, त्याच्यापुढे. तो म्हणाला, आता तिला तुमची खोट लागली साहेब, माझी ती घ्यायची नाही. ती इथून हलायच्या आत तुमच्या माणसानं तुम्हाला ओळखून नावानं हाक मारली, तर सुटाल.

भीती वाटते. लिहूनच टाकतो, मला भीती वाटते.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आईला फोन केला. माझा बोबडा 'स' गेलाय— तिनं राँग नंबर म्हणून ठेवला. तीनदा.
संध्याकाळी तिचा निरोप आला. रविवारी घावणे घेऊन येते.
आई ओळखेल. आई आहे ती.

२२ फेब्रुवारी, शनिवार
आरशात एक देखणा माणूस. नाव ठेवायला जागा नाही.
कोण आहे—

२३ फेब्रुवारी, रविवार
आई आली. हातात डबा. गाळ्याचं दार मीच उघडलं. तिनं विचारलं, सर्वेश आहे का हो?

हो. मला 'हो' म्हणाली.

आई, मीच तो, म्हणालो. ती एक पाऊल मागे सरली. मी हनुवटी पुढे केली— तिथे काही नाही—

ती खुर्चीपाशी गेली. हातावरचा व्रण बोटानं चाचपला. चार टाके मोजले. लाकडावर गाल टेकून म्हणाली, माझा सर्वेश—

खुर्चीला. मला नाही.

अक्षर राहिलंय. अक्षर तरी ओळखेल. तिच्यासमोर बसून लिहितोय, दाखवतो—

आई मी सर्वेश

आई मी

वळणदार येतंय. मागची पानं दाखवतो, त्यांत जुनं अक्षर— उलटली— सगळी तशीच, सुबक, छापल्यासारखी, पहिल्या दिवसापासून—

आई, इकडे बघ गं, हे माझं—